दोषसिद्धीपूर्वी मालमत्तेवर टाच : ठेवीदार संरक्षण कायद्याची एक चिकित्सा

प्रस्तावना :
पुणे शहराची वाढ पश्चिमेकडे सरकू लागल्यापासून मुळशी तालुक्यातील रिहेसारख्या गावांत शेतजमीन ही गुंतवणुकीची वस्तू बनली आहे. अशा गावातील एक काल्पनिक व्यवहार विचारात घेऊ. एका शेतकऱ्याने आपली जमीन खरेदीखताने एका बांधकाम कंपनीस विकली. मोबदल्याचा मोठा भाग पुढील तारखांच्या धनादेशांनी मिळावयाचा होता. त्याच कंपनीने निवृत्त प्राध्यापकांकडून मुदत ठेवी स्वीकारल्या व त्या बुडवल्या. गुन्हा नोंदला गेला, शासनाने टाच आणली आणि तिची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात झाली. धनादेश वटले नाहीत. खटला उभा राहण्यापूर्वीच शेतकऱ्याचा मोबदला अडकला आणि ठेवीदाराच्या हातीही काही पडले नाही. ही दुहेरी कोंडी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कायद्याची चौकट :
महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम १९९९ साली झाला. त्याच्या कलम ४ अन्वये शासन वित्तीय संस्थेच्या मालमत्तेवर टाच आणू शकते. ठेवींतून घेतलेली मालमत्ता उपलब्ध नसेल वा अपुरी असेल, तर संस्थेची, तिच्या प्रवर्तकाची, संचालकाची किंवा भागीदाराची अन्य मालमत्ताही टाचेखाली येते. येथे गुन्हा आणि मालमत्ता यांतील संबंधाची अट सैल होते. पुढे निर्दिष्ट न्यायालय हितसंबंधितांना नोटीस काढते आणि टाच कायम का करू नये, याचे कारण त्यांनी दाखवावयाचे असते. सद्भावनेने व मोबदला देऊन मालमत्ता घेणाऱ्यास कलम ८ मध्ये संरक्षण आहे. परंतु आपली सद्भावना शाबीत करण्याचा खर्च व कालावधी त्यालाच सोसावा लागतो. अदत्त मोबदल्यापुरता विक्रेत्याचा बोजा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मान्य करतो. तथापि आपल्या शेतकऱ्यास त्या हक्कासाठीही न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

ऐतिहासिक संदर्भ :
'हक्क तुम्हीच सिद्ध करा' ही राज्यसंस्थेची भाषा या भूमीस नवी नाही. १८५२ च्या ११ व्या अधिनियमाखालील इनाम कमिशनने दख्खन व दक्षिण मराठा प्रदेशातील इनामदारांकडे सनदांचा पुरावा मागितला. तो न देऊ शकणाऱ्यांची इनामे खालसा झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कागदाअभावी निरर्थक ठरली. दोन्ही कायद्यांचे हेतू भिन्न आहेत, हे मान्यच केले पाहिजे. तरीही कागद ज्याच्याकडे कमी, त्याच्यावर पुराव्याचे ओझे अधिक, ही विषमता दोन्हीकडे आढळते.

न्यायालयीन भूमिका :
मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये हा अधिनियम घटनाबाह्य ठरवला होता. २०११ मध्ये तामिळनाडूच्या तत्सम कायद्याचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केले. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधील सुमारे ५,६०० कोटी रुपयांची थकबाकी २०१३ मध्ये उघड झाली; तिच्या प्रवर्तक कंपनीच्या मालमत्तेवरील टाच वैध आहे, एवढे अंतिमतः ठरण्यास एप्रिल २०२२ उजाडले. काळ्या पैशाच्या वैधीकरणास प्रतिबंध करणाऱ्या २००२ च्या केंद्रीय कायद्यातील कठोर तरतुदीही २७ जुलै २०२२ रोजी उचलून धरल्या गेल्या. मात्र सरकारजमेच्या आदेशापूर्वी ताबा घेणे हा अपवाद असावा, असे त्याच निर्णयात नमूद झाले. या निर्णयांनी 'राज्यास मालमत्ता अडकवता येते काय' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'किती काळ, आणि त्या काळातील नुकसानीस उत्तरदायी कोण' हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तो अनुच्छेद ३००-अ पुरता उरल्याने या प्रश्नाची निकड वाढली आहे.

सुधारणेची दिशा :
अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २०१५ मध्ये दिवाणी जप्ती रद्द करून दोषसिद्धीची अट घातली. ती जशीच्या तशी उचलणे येथे उचित होणार नाही. तेथे जप्त रकमेचा लाभ बहुधा तपास यंत्रणांना होत असे. आपल्या कायद्यात तो ठेवीदारास व्हावयाचा आहे. दोषसिद्धीपर्यंत टाचच नको म्हटल्यास मालमत्ता परागंदा होईल. म्हणून पुढील बदल विचारार्ह वाटतात. १) ठेवींशी संबंध नसलेल्या मालमत्तेवरील टाच देय रकमेपुरती मर्यादित असावी व तिची कारणे लेखी द्यावीत. २) न्यायालयाने ठरावीक मुदतीने टाचेचे फेरपरीक्षण स्वतःहून करावे. ३) सद्भावी खरेदीदार व अदत्त विक्रेता यांचे दावे मुख्य खटल्यापासून वेगळे काढून संक्षिप्त पद्धतीने निकाली काढावेत. ४) निर्विवाद मालमत्तेतून ठेवीदारांना अंतरिम वाटप व्हावे.

चौथी सूचना पूर्वीच अंशतः कायद्यात आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नुसार गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत ६० दिवसांत पीडितांना वाटता येते. परंतु वाटपानंतर आरोपी निर्दोष सुटल्यास भरपाई कोणी द्यावी, याचे उत्तर त्या कलमात नाही. वेगाची हमी देताना चुकीच्या परिमार्जनाची हमी देण्याचे राहून गेले आहे.

समारोप :
ठेवीदार विरुद्ध मालमत्ताधारक अशी या विषयाची मांडणी नेहमी होते. वास्तविक रिहे येथील विक्रेता आणि पुण्यातील ठेवीदार हे दोघेही एकाच विलंबाचे बळी असतात. टाच हे साधन आहे, शिक्षा नव्हे. तिला मुदत, हिशेब व परतीचा मार्ग नसेल, तर तिचे रूपांतर निकालाविना भोगाव्या लागणाऱ्या शिक्षेत होते, आणि ती शिक्षा पुष्कळदा आरोपी नसलेल्यांच्याच वाट्याला येते.