झाकलेला चेहरा, जळालेला चेहरा
जॉर्ज स्ट्रॉक यांनी न्यू गिनीतील बुना किनाऱ्यावर टिपलेले छायाचित्र कित्येक महिने सरकारने अडवून ठेवले होते. अखेर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीने ‘लाइफ’ने ते २० सप्टेंबर १९४३ रोजी छापले. वाळूत निपचित पडलेले तीन अमेरिकी सैनिक. चेहरा एकाचाही दिसत नाही. कोणत्याही मातेला तो आपलाच मुलगा वाटावा! चित्राचे सामर्थ्य व सभ्यता, दोन्ही त्या झाकलेपणात आहेत.

१९९१च्या आखाती युद्धात केनेथ जारेकी यांनी वाहनातच जळालेल्या इराकी सैनिकाचा चेहरा समोरून टिपला. अमेरिकेत असोसिएटेड प्रेसच्या संपादकांनी तो रोखला. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने छापला. आप्तांच्या दुःखाचा आक्षेप रास्तच. पण रोखणाऱ्यांच्या मनात ती इराकी माता असेल, असे मला वाटत नाही. वाचकाचा सकाळचा चहा कडू होऊ नये, एवढीच ती काळजी दिसते.