सांधेदुखीच्या परिषदा: शिकवणी नेमकी कुणाची?



संधिवाततज्ज्ञांच्या परिषदेतल्या शिक्षणसत्रांवर हिमायतनगरात बसून बोलायचा आपल्याला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. अधिकार आहे. कारण तिथं शिकलेलं शेवटी आपल्याच हातापायांच्या कामी यायचं असतं.

आधी चांगलं सांगतो. इंडियन रूमॅटॉलॉजी असोसिएशनची ‘इराकॉन’ ही परिषद दरवर्षी भरते. अशा परिषदांत अवघड रुग्णांवर चर्चा होते, सांध्यांची सोनोग्राफी शिकवतात, नव्या जैविक औषधांचे फायदे-तोटे तपासले जातात. हे लागतंच. माझी तक्रार वेगळी आहे. या शिकवणीचा भर निदान झालेल्या रुग्णावर असतो. आपल्याकडं खरी अडचण निदानाच्या आधीच आहे.

बघा, कापूस वेचणारी बाई सांगते, ‘सकाळी बोटं मिटत नाहीत.’ गावात त्याला एकच नाव: वात. झिजलेला गुडघा वात, चिकुनगुन्यानंतरची दुखणी वात, आणि आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, तोही वातच. पण आमवातात पहिले काही महिने मोलाचे असतात. ते गेले की सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. संशय यायला मोठं यंत्र लागत नाही. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या वर टिकतो का? बोटांच्या मुळाशी सूज आहे का? पंजा आडवा दाबला तर कळ येते का? एवढं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारता येतं.

हे महाराष्ट्राला नवं नाही. 1996 साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाचा तो भाग. गावातलेच स्वयंसेवक शिकवून तयार केले, ते घरोघर गेले. 4,092 प्रौढांपैकी 746 जणांना, म्हणजे 18.2 टक्के लोकांना, सांध्या-स्नायूंचा त्रास निघाला. आमवात साधारण दोनशेत एकाला. माझ्या मते भिगवणचा मोठा धडा या आकड्यांत नाही. गावातली माणसं नीट विचारायला शिकू शकतात, हा तो धडा.

दुसरी गोष्ट औषधाची. आमवातावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. तुलनेनं स्वस्त आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. तज्ज्ञाला हे पाठ असतं. पण चिठ्ठी वाचून गोळ्या देणाऱ्याला, अन् घरी त्या काढून देणाऱ्या सुनेला, हे मराठीत कोण सांगणार? ‘सोमवारची गोळी’ एवढे दोन शब्दसुद्धा जीव वाचवतात. असले शब्द घडवणं हेही शिक्षणसत्राचंच काम आहे.

म्हणून मागणी साधी आहे. परिषद मोठ्या शहरात भरू द्या. पण तिचं एक सत्र नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मराठीत घ्या. समोर आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानदार अन् आशाताई बसवा. हिमायतनगरहून भोकर, मुदखेड करत रेल्वेनं तिथवर जाता येतं.

आणि सत्राचं यश टाळ्यांवर मोजू नका. बोटं पहिल्यांदा आखडली त्या दिवसापासून योग्य डॉक्टर भेटेपर्यंत किती आठवडे गेले, ते मोजा. ते कमी झाले तर शिकवणी फळाला आली म्हणायची.