वर सही करणार

बँकेत सह्या पडताळण्यात आमची बावीस वर्षे गेली. त्यामुळे कुठलीही कलाकृती समोर आली की नजर आधी सहीकडे जाते, कलेकडे मागाहून. परवा वाचनालयातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकात फ्रान्समधल्या शोव्हिन्यी गावच्या सेंट पीटर चर्चचे फोटो निघाले. "बी.कॉम. माणसाने शिल्पावर बोलावं का?" असे सौ.नी विचारले. पण राहवेना.

बाराव्या शतकातले हे खांब. त्यांच्या माथ्यावरची स्तंभशीर्षे चक्क माणसे खातात! कोपऱ्यावर राक्षसाचे डोके एक, आणि दोन्ही अंगांना धडे दोन. मला तर यात कारागिराचा हिशेबच दिसतो. एकाच डोक्यात दोन्ही बाजूंची गिऱ्हाइके भागतात. असल्याच मठांतल्या विचित्र प्राण्यांवर संत बर्नार्ड ११२५च्या सुमारास भडकले होते. साधू पोथी सोडून दगड वाचत बसतात, वर खर्च वेगळाच, अशी तक्रार. ऑडिटर सगळीकडे सारखेच! मात्र प्राण्यांची यादी त्यांनी इतकी बारकाईने दिली आहे की, स्वारी स्वतःच बराच वेळ बघत उभी असावी.

इथे अक्षरेही आहेत. बाबिलोनच्या बाईला 'महावेश्या' अशी लॅटिन पाटीच लावली आहे. आम्हीही शाळेत चित्राखाली 'गाय' असे लिहायचो, मास्तरांचा घोटाळा नको म्हणून.

पण खरी गंमत पुढे आहे. बाळ येशूला राजे नजराणे देतात, त्या देखाव्यात मेरीच्या डोक्यावर कोरले आहे : 'गोफ्रिदुसने मला केले.' बोलतो आहे तो दगड! माणसे अंमळ ताठच कोरली आहेत, पण सही ठसठशीत.

मेख अशी की, लॅटिनमध्ये 'केले' म्हणजे 'करवून घेतले' असेही होऊ शकते. मग गोफ्रिदुस पाथरवट की पैसेवाला? आपल्या देवळातल्या पंख्यावर देणाऱ्याचे नाव गरगरते, पंखा बनवणाऱ्याचे नाही. शिवाय नजराण्याच्या देखाव्यावर देणगीदाराचे नाव शोभतेही.

तरी माझे मत पाथरवटाला. मी हजारो व्हाउचरांवर सह्या केल्या. त्यातले एकही 'मला यांनी केले' म्हणून माझे नाव घेणार नाही. कुठे तरी एका कामाने करणाऱ्याचे नाव घेतले असेल, तर ते मला खोडवत नाही.

नमुना सही उपलब्ध नाही. तरी पास!