झाकण कुठे गेले?

छायाचित्रकार आनंद वर्मा यांच्या २०१५ च्या चित्रफितीत युरोपीय मधमाशीचे पहिले २१ दिवस मिनिटभरात उलगडतात. कोषाचे डोळे आधी जांभळट होतात, मग अंगावर रंग चढतो. व्हरोआ हे परजीवी अष्टपाद त्यावरून धावतात, तेही वगळलेले नाहीत. हे आम्हांला फार आवडले.

पण कोष इतका स्वच्छ दिसतो तो घरावर मेणाचे झाकण नाही म्हणून! पोळ्यात शेवटचे सुमारे १२ दिवस ते बंद असते. आतली माशी स्वतःच्या जबड्यांनी ते कुरतडून बाहेर येते. हेच कष्ट इथे गाळले गेले. आम्ही फीत वर्गात दाखवली तेव्हा ‘माशी झोपेतून उठते’ असे एका मुलाने लिहिले. चूक त्याची नव्हे. फीत जरूर दाखवा, पण झाकणबंद घरांचे छायाचित्र आधी.