सत्तावीस गुणांत खेळाडू मावतो का?

आठ ते चौदा वयाच्या मुलामुलींतून उद्याचे खेळाडू हुडकण्यासाठी आपल्याकडे जी चाचणीमाला वापरली जाते, ती शाळांमधून 'बॅटरी टेस्ट' याच नावाने ओळखली जाते. १९९६ साली महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिन्या सुरू झाल्यापासून ती शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. उंची, वजन, लवचीकता, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, मेडिसिन बॉल फेकणे, ३० मीटर धावणे, ६ × १० मीटर शटल रन आणि ८०० मीटर धावणे अशा नऊ बाबी. प्रत्येकीस तीन गुण, एकूण २७. भरपूर गुण मिळवणारे मूल पुढच्या पायरीवर जाते, कमी मिळवणारे वर्गात परत येते.

या गुणांवरून दहा वर्षांनंतरचा खेळाडू ओळखता येतो का? शिक्षकांच्या खोलीत यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, चाचणी शास्त्रीय आहे, मोजमाप आहे, मग शंका कशाला? दुसरे म्हणते, सगळे थोतांड. खरा खेळाडू मोजपट्टीत सापडत नसतो. आमच्या मते दोन्ही मते घाईची आहेत.

दुसऱ्या मताचे लोक उदाहरणे देतात आणि ती खरी असतात. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांच्या प्रोत्साहनाने धावू लागला आणि मैदानी खेळांसाठी प्रबोधिनीत निवडला गेला. पण तिथे त्याची शरीरयष्टी अपुरी ठरली. मग त्याला धनुर्विद्येकडे वळवण्यात आले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या क्रमवारी फेरीत भारतीय पुरुषांत तोच पहिला आला. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळे. पुढे ती लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे आणि तेथून ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली.

उदाहरणे सुंदर आहेत, पण त्यांवरून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. हे कसे, ते पाहण्यासाठी थोडे दूर जाऊ. अमेरिकेत शिरस्त्राण घालून, चेंडू हातात घेऊन पळण्याचा जो फुटबॉल खेळतात, त्यात शाळेच्या शेवटच्या वर्षांतील खेळाडूंना काही खासगी संस्था तारे देतात. पाच तारे म्हणजे सर्वोत्तम. त्यावरून महाविद्यालयांत त्यांच्यासाठी ओढाताण होते, आणि तेथून मोजके खेळाडू व्यावसायिक संघांत निवडले जातात. तिथेही हाच वाद आहे. पुढे नावाजलेला जे. जे. वॉट शाळेत दोन ताऱ्यांचा होता. 'मग ताऱ्यांना काय अर्थ?' असे तिथलेही लोक विचारतात.

आता ठोकळ आकडे घेऊ. दरवर्षी पंचतारांकित मुले साधारण ३०, चार ताऱ्यांची ३०० आणि तीन ताऱ्यांची २०००. पहिल्या गटातील निम्मी, दुसऱ्यातील पाचांत एक आणि तिसऱ्यातील पंधरांत एक व्यावसायिक संघांत निवडली गेली असे धरू. वस्तुस्थिती याच्या फार दूर नाही. म्हणजे अनुक्रमे १५, ६० आणि सुमारे १३३ खेळाडू. व्यावसायिक खेळाडूंत तीन ताऱ्यांचेच सर्वाधिक! तरीही पाच ताऱ्यांच्या मुलाला संधी तीन ताऱ्यांवाल्याच्या साडेसातपट. 'निवडलेल्यांत तीन तारेवाले किती' आणि 'तीन तारेवाल्यांतून निवडले किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की वाद न संपणारा होतो. नववी-दहावीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर करून पाहावे.

तर मग तारे बरेच काही सांगतात. म्हणून आपले २७ गुणही सांगतात का? इथे मात्र आम्ही थांबतो. तारे सतरा-अठरा वर्षांच्या, वाढ बहुतेक पुरी झालेल्या मुलाला मिळतात, तेही त्याच खेळाचे सामने बघून. आपली चाचणी दहा वर्षांच्या मुलाची, कोणताही खेळ न बघता होते. या वयात मोजपट्टीत येते ते पुष्कळदा कौशल्य नसून वाढ असते. वय पूर्ण वर्षांत धरले की दहा वर्षे शून्य महिन्यांचा मुलगा आणि दहा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. दुसरा पहिल्याहून नऊ टक्क्यांनी मोठा असतो. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले की आइस हॉकीच्या निवडक संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या मुलांचा भरणा असतो, कारण तिथे वयाची गणना १ जानेवारीपासून होते. मार्चात जन्मण्यात कौशल्य कसले? त्यात बारा-तेराव्या वर्षी कोणी वयात आलेला असतो, कोणी नसतो. एकाच वर्गातील दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचाही फरक असू शकतो. मेडिसिन बॉल लांब फेकणारा मुलगा कदाचित फक्त लवकर वाढलेला असेल.

शिवाय खेळ सगळे सारखे नसतात. वजनगटांच्या खेळांत लहान चण ही उणीव नव्हे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचे रौप्य मिळवले ते ५५ किलो गटात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले तेही बँटमवेट या हलक्या गटात. उंचीचे तीन गुण अशांच्या वाट्याला येणे कठीणच.

पण आमचा मुख्य आक्षेप याहून साधा आहे. चाचणी खरी की खोटी हे ठरवायला चार खान्यांचा तक्ता लागतो: निवडले आणि यशस्वी झाले, निवडले आणि मागे पडले, वगळले तरी यशस्वी झाले, वगळले आणि खेळातून गेले. पहिल्या खान्यातील मुलांचे सत्कार होतात, तिसऱ्यातील मुलांवर लेख येतात. दुसऱ्या आणि चौथ्या खान्यांची नोंद शोधायला कुठे जायचे? आणि नोंद मिळाली तरी एक पेच उरतोच. निवडलेल्या मुलाला वसतिगृह, आहार, प्रशिक्षक, साहित्य मिळते. वगळलेल्याला घरची भाकरी आणि गावचा माळ. पुढे पहिला चमकला तर श्रेय चाचणीचे की दुधाचे?

या भागातील तालमींची जुनी रीत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. जत्रेच्या मैदानात पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा खोबऱ्याच्या वाटीवर लागतात. जिंकणाऱ्याला पुढच्या जत्रेत थोडी वरची जोड मिळते, हरणारा खालच्या जोडीला लढून पुन्हा चढू शकतो. हीही प्रतवारीच आहे, पण ती दर हंगामाला नव्याने होते आणि प्रत्यक्ष खेळावरून होते. तालमीचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. मुलींना तिने फार काळ दाराबाहेर ठेवले, आणि खुराकाचा खर्च न पेलणारी पोरे तिच्यातूनही गळतच होती.

लहान वयात निवड होऊच नये असेही म्हणता येणार नाही. सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात आली. तिची पारख करणाऱ्यांनी तिची फलंदाजी पाहिली होती, उभ्याने उंच उडी नव्हे. प्रबोधिन्यांतही आता खेळनिहाय कौशल्य चाचणीने प्रवेश देण्याची सोय आहे, ही सुधारणा योग्य दिशेची आहे.

राहिलेले काम शाळेत होण्यासारखे आहे. पाचवीच्या सर्व मुलामुलींच्या या नऊ मोजमापांची एक वही ठेवावी, जन्ममहिन्यासह. निवड झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही. दरवर्षी जूनमध्ये आणि जानेवारीत पुन्हा मोजावे आणि दहावीपर्यंत चालू ठेवावे. पाचवीत पहिली आलेली दहा मुले आठवीत कितव्या क्रमांकावर आहेत, वरच्या दहांत कोणत्या महिन्यांचे वाढदिवस जास्त आहेत, हे मुलांनाच आलेख काढून शोधू द्यावे. एका शाळेचे आकडे थोडे असतात, त्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. पण एका केंद्रातील दहा-बारा शाळांनी मिळून पाच वर्षे वही ठेवली, तर ते रिकामे दोन खाने भरू लागतील.