‘लोभी’ की ‘भुकेला’? : बालवाचक आणि चरितविचार

शालेय पाठ्यपुस्तकांतील कथेखाली एक प्रश्न बहुधा असतोच : अमुक पात्राची स्वभाववैशिष्ट्ये लिहा. उत्तरही ठरलेले असते. प्रेमळ, कष्टाळू, लोभी, क्रूर अशी विशेषणे एकाखाली एक मांडली की गुण मिळतात. पाली वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून या साध्या अभ्यासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या समाजाला शतकानुशतके जन्मावरून विशेषणे चिकटविली गेली, त्या समाजातील मुलांनी माणसाला विशेषण कसे लावावे, हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथे एका उन्हाळी सुट्टीत काही मुलामुलींसमवेत आम्ही कथावाचन केले. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचून झाल्यावर भीमाचा स्वभाव विचारला. ‘निडर’ आणि ‘लोभी’ ही दोन उत्तरे तत्काळ आली. आम्ही एवढेच विचारले, की खाण बंद पडली नसती तर भीमा स्मशानात गेला असता काय? मुले पुन्हा कथेत शिरली. पोटासाठी गाव सोडून मुंबईस आलेला, दगडाच्या खाणीत राबणारा, काम सुटल्यावर बायको आणि लेक यांच्या चिंतेने ग्रासलेला भीमा आता त्यांना दिसू लागला. एका मुलीने ‘लोभी’ खोडून ‘भुकेला’ असे लिहिले.

हे उत्तर आम्हांस मोलाचे वाटले, तरी ते पुरे नाही. घरात चार पैसे आल्यावरही भीमा थांबत नाही. प्रेतांवरच आपला संसार उभा आहे, अशी त्याची धारणा होत जाते. भूक हे कारण झाले. त्या कारणातून घडत गेलेली सवय हा स्वभाव झाला. दोन्ही पाहिले तरच कथा वाचली, असे म्हणता येईल. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात हाच क्रम सांगितला आहे : निर्धनांस धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या. दुर्गुण तेथे जन्मजात नाही, तो प्रत्ययांतून उद्भवतो.

स्वभाव ओळखण्याचे शास्त्र पाली परंपरेला अपरिचित नव्हते. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’च्या तिसऱ्या परिच्छेदात राग, दोस, मोह, सद्धा, बुद्धि आणि वितक्क अशी सहा चरिते मांडली आहेत. धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती 1940 साली सिद्ध केल्यामुळे तो आपल्याकडील अभ्यासकांच्या हाती आला. चरित ओळखावे ते माणसाच्या चालण्या-बसण्यावरून, कामावरून, जेवणावरून, पाहण्यावरून आणि मनात उठणाऱ्या वृत्तींवरून. रागचरिताचा माणूस केरसुणी नीट धरून सावकाश, वाळू न विस्कटता झाडतो. दोसचरिताचा ती घट्ट आवळून, दोन्ही बाजूंस वाळू उडवीत घाईने झाडतो. मोहचरिताचे झाडणे ना स्वच्छ, ना सारखे. विशेषण आधी नव्हे, कृती आधी, असा हा धडा आहे.

आम्ही मुलांना विहाराचे अंगण झाडावयास सांगून एकमेकांचे निरीक्षण करविले. एक मुलगी भराभर धूळ उडवीत झाडत होती. ‘ही रागीट’ असा निर्णय लगेच झाला. तेव्हा ती म्हणाली, “मला पाणी भराया जायचंय, टँकर निघून जाईल.” सारे गप्प झाले. बुद्धघोषांनाही ही अडचण ठाऊक असावी. ही लक्षणे पाळीत किंवा अट्ठकथेत आलेली नाहीत, केवळ आचार्यमतानुसार दिली आहेत, म्हणून त्यांवर सर्वस्वी विसंबू नये, असा इशारा त्यांनी स्वतःच दिला आहे. शिवाय ही पारख दोष देण्यासाठी नसून, ज्याला जे कर्मस्थान हितकर ते देता यावे यासाठी आहे. दोसचरित आणि बुद्धिचरित यांत त्यांनी साम्य पाहिले, हेही लक्षणीय आहे. जी तीक्ष्णता द्वेषात दोष शोधते, तीच प्रज्ञेत सत्याचा शोध घेते.

या कसोटीवर आपल्या जातककथाही तपासल्या पाहिजेत. 547 जातकांचा हा संग्रह बालवाचकांसाठी अमोल आहे. परंतु कथेच्या शेवटी येणारे समोधान, म्हणजे कोण पूर्वजन्मी कोण होता याचा मेळ, मुलांपुढे जसेच्या तसे ठेवण्यात धोका आहे. जवसकुण जातकात घशातील हाड काढणाऱ्या पक्ष्याचे उपकार विसरणारा सिंह म्हणजे देवदत्त. असे वारंवार ऐकल्यावर मूल शिकते, की दुष्ट तो जन्मोजन्मी दुष्टच. अनात्मवादाशी आणि बाबासाहेबांनी सांगितलेल्या धम्माशी हे विसंगत आहे. समोधान वगळून सिंहाची कृतघ्नता कोणत्या क्षणी, कोणत्या विचारातून प्रकटली, एवढेच विचारावे, असे आमचे मत आहे.

याउलट मज्झिमनिकायातील अंगुलिमालसुत्त प्रत्येक मुलाने वाचावे. ‘क्रूर’ या उत्तराने तेथे भागत नाही. तोच अंगुलिमाल पुढे प्रसूतिवेदनांनी तळमळणाऱ्या स्त्रीसाठी व्याकुळ होतो आणि लोकांनी दगड मारले असता रक्तबंबाळ अवस्थेत ते सोसतो. पात्राचा स्वभाव कथेच्या कोणत्या टप्प्यावर विचारला, यावर उत्तर बदलते.

वसलसुत्तात अग्गिक भारद्वाज तथागतांना ‘वसल’ म्हणून हिणवतो. तथागत त्याला वसल कोण, हे एकेका कृतीने सांगतात : कर्ज घेऊन नाकारणारा, ऐपत असून वृद्ध मातापित्यांना न पोसणारा. जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो. शिक्षकांनी आणि धम्मवर्ग चालविणाऱ्या उपासक-उपासिकांनी मुलांच्या प्रत्येक विशेषणापुढे तीन प्रश्न ठेवावेत : हे कोणत्या कृतीवरून म्हणतोस? ती कृती कशामुळे घडली? आणि पुढे ते पात्र बदलले काय? जे मूल भीमाविषयी असे विचारावयास शिकेल, ते उद्या स्वतःवर कोणी मारलेला शिक्काही विचारल्यावाचून स्वीकारणार नाही.