‘वज्रासन’ आणि योगपरिभाषेचा प्रश्न

योगविषयक परिचयग्रंथांची एक रूढ मांडणी आहे. आरंभी वेदकाळ, मग पतंजली, त्यानंतर हठयोग आणि शेवटी आसनांची व संज्ञांची यादी. संज्ञा तीच असेल तर अर्थही तोच असणार, हे गृहीत या मांडणीमागे असते. ते तपासण्यास ‘वज्रासन’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

गुडघे मोडून टाचांवर बसणे, हा या शब्दाचा आजचा अर्थ शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तो मनात धरून ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र फसगत होते. मूळ गीतेत येथे बैठकीविषयी फार थोडे सांगितले आहे: शुद्ध जागी स्थिर आसन, शरीर, मस्तक व मान सरळ, दृष्टी नासिकाग्री. १२९० मधील ज्ञानेश्वरीत त्याच जागी टाचेने शिवण दाबणे, तिन्ही बंध आणि कुंडलिनीची जागृती यांचे सविस्तर वर्णन येते. ही भर नाथपरंपरेतील हठयोगाची आहे. ‘वज्रासन’ हे नाव ज्ञानदेव तेथे मूळबंधाचे गौण नाव म्हणून देतात. पंधराव्या शतकातील स्वात्मारामकृत हठप्रदीपिकेतही सिद्धासनालाच कोणी वज्रासन म्हणतात, अशी नोंद आहे, आणि त्या आसनातही टाचेचा दाब हेच मुख्य लक्षण होय. आजच्या बैठकीशी जुळणारे लक्षण त्यानंतरच्या घेरंडसंहितेत आढळते.

म्हणजे नाव टिकले, अर्थ बदलला. त्याबरोबर प्रयोजनही बदलले. पतंजलीच्या सुमारे १९५ सूत्रांत आसनाला केवळ ३ सूत्रे मिळाली आहेत. तेथे आसन म्हणजे ध्यानासाठी स्थिर व सुखद बैठक. हठयोगात शरीर हेच साधनेचे क्षेत्र झाले. हठप्रदीपिकेत १५ आसने वर्णिलेली आहेत, तर घेरंडसंहितेत ३२. तथापि तेथेही प्राणाचे नियमन हाच हेतू प्रधान राहिला.

विसाव्या शतकात योग व्यायामशाळेत व प्रयोगशाळेत आला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शास्त्रीय परीक्षण आरंभिले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो सर्वांसाठी व्यायाम म्हणून. १९३७ पासून पुण्यात शिकविणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनातील अवयवांच्या अचूक रचनेवर भर दिला आणि त्यांच्या नावाची स्वतंत्र शैली रूढ झाली.

या दृष्टीने अमरावतीचे उदाहरण बोलके आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मूळचे आखाड्याच्या परंपरेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी खेळ व व्यायामांची प्रात्यक्षिके केली. पुढे मंडळाच्या शारीरिक शिक्षणात योगालाही स्थान मिळाले. याच जिल्ह्यातील माधान येथील प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. मंडळाच्या स्थापनेच्या सुमारास वऱ्हाडात ज्ञानेश्वरीच्या उपासनेची आणि शरीरसाधनेची अशा दोन परंपरा शेजारी नांदत होत्या. आज शारीरिक शिक्षणाचा आणि मराठीचा विद्यार्थी ‘आसन’, ‘मुद्रा’, ‘बंध’ हेच शब्द वापरतात, परंतु भिन्न अर्थांनी.

यावरून आधुनिक योगास अशुद्ध ठरविणे सयुक्तिक नव्हे. परंपरा अर्थ बदलीतच जगते, आणि ज्ञानदेवांनीही गीतेच्या चौकटीत नवी भर घातलीच. आक्षेप आहे तो दोन प्रकारच्या घाईवर. व्यायामवर्गातील प्रत्येक हालचालीला वेदकालीन ठरविणे ही एक घाई, आणि तेराव्या शतकातील ओवी आजच्या वर्गातील अर्थाने लावणे ही दुसरी. पहिलीने इतिहास बिघडतो, दुसरीने पाठाचा अर्थ. म्हणून योगपरिभाषेच्या कोशात प्रत्येक संज्ञेपुढे ग्रंथ, काळ व प्रयोजन यांचा निर्देश असणे अगत्याचे आहे. तो नसेल तर ‘वज्रासन’ या शब्दाशी विद्यार्थी टाचांवर बसलेला माणूस पाहील आणि ज्ञानदेवांनी वर्णिलेला मूळबंध त्याच्या नजरेतून निसटेल.